प्रकार कितवा?

मंगळवारी साडेसहाला, ग्रिम्झबीत,
चर्चच्या मागच्या खोलीत
रेडिएटर ठोके देतो, तापत मात्र नाही.
मासळीच्या कारखान्यातून थेट येतात सगळे,
हातांना लिंबू चोळून. तरी हॅडॉकचा वास
वह्यांच्या कोपऱ्यांत राहतोच.
मला आता त्या वासाशिवाय व्याकरण आठवत नाही.

फळ्यावर मी शून्यापासून सुरुवात करते.
बर्फ तापवला तर वितळतो.
नेहमीच, कुणीही तापवला तरी.
झोरियाना विचारते, "आणि बर्फात आठ तास उभं राहिलं तर
पाय सुन्न होतात. हेही शून्यच ना, टीचर?"
हेही शून्यच. शाबास.

मग पहिला: बस चुकली तर चालत जाईन.
'इफ'च्या घरात 'विल'ला प्रवेश नाही,
त्यानं स्वल्पविरामाच्या उंबऱ्यापलीकडे थांबायचं.
तीस वर्षं बजावतेय, तरी तो घुसतोच,
ओल्या बुटांनी.

दुसरा सगळ्यांना आवडतो.
लॉटरी लागली तर. मी पक्षी असते तर.
क्रियापद कालचं, गोष्ट आजची;
भूतकाळाचा उसना कोट घातलेला आजचा दिवस.
"म्हणजे खोटं बोलणं," शिलान म्हणते.
नाही गं. खोटं बोलणारा कोट लपवतो,
व्याकरण त्याची बटणं मोजून दाखवतं.

तिसरा मी चहानंतर घेते.
जे झालं नाही, आणि आता होणारही नाही, त्याचा.
उदाहरण मुद्दाम किरकोळ:
छत्री नेली असती तर भिजले नसते.
या गावात भारी उदाहरणांना तोटा नाही.
माझ्या आईनं एक अख्खा हिवाळा
गोदीच्या भिंतीशी उभं राहून हाच प्रकार गिरवला होता.
ते मी वर्गात सांगत नाही.

यिर्गालेम कधी हात वर करत नाही.
आज केला.
वहीत एकच वाक्य, तीनदा लिहून तीनदा खोडलेलं.
इफ ही कम्स.
इफ ही केम.
इफ ही हॅड कम.

"भाऊ," तो म्हणाला. "चार वर्षं फोन नाही.
लिबियात एका गोदामात कुणीतरी शेवटचा पाहिला.
गेला असं कुणी सांगत नाही, आहे असंही नाही.
प्रकार कितवा, टीचर?"

पुस्तकात मागे उत्तरं असतात,
फक्त विषम क्रमांकांची.
माझ्या हातात लाल पेन.
'कम्स'वर खूण केली, तर वचन दिल्यासारखं होईल,
जे माझ्या खिशात नाही.
'केम'वर केली, तर त्याच्या ताटातला घास उचलल्यासारखं.
आणि 'हॅड'वर?
मंगळवारी, पावणेआठला, लाल शाईनं
मी एका अनोळखी माणसाला पुरलं असतं.

म्हटलं, व्याकरणाच्या दृष्टीनं तिन्ही बरोबर.
त्यानं नम्रपणे मान हलवली.
"पण जूनच्या परीक्षेत एकच लिहायचं असतं."

रेडिएटरनं दोन ठोके दिले.
झोरियानानं वही आपल्याकडे ओढली,
वाचली, आणि भलतंच विचारलं:
"तो आला तर करणार काय तू?"
"झिग्नी. त्याला तिखट लागते."
"आणि तो नसताना?"
"तेव्हाही झिग्नीच."
"किती जणांची?"
तो जरा लाजला.
"दोघांची. रोज दोघांचीच होते."

"मग शून्य," शिलान मागच्या बाकावरून म्हणाली,
कोटाची बटणं लावता लावता, बस गाठायची होती तिला.
"नेहमीच होतं ते. बर्फासारखं."

त्यानं पान उलटलं आणि सावकाश लिहिलं:
मी रांधलं, तर दोघांसाठी रांधतो.
काळ बरोबर. स्वल्पविराम बरोबर.
'विल' कुठेच नाही.
फक्त दोन या अर्थाचा 'टू' चुकला होता,
'सुद्धा' या अर्थाचा लिहिला होता त्यानं.
पेन मी टेकवलं होतं तिथे.
उचललं.